गच्चीवरील पॅकेज एसीची वार्षिक देखभाल : दोन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या संस्थेची अभ्यासिका नागपूरच्या प्रतापनगर भागात एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब असल्यामुळे मे महिन्यात दुपारी तीनपेक्षाही रात्री आठ वाजता तेथे अधिक उकडते, कारण दिवसभर शोषलेली उष्णता स्लॅब सूर्यास्तानंतर खाली सोडू लागतो. गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेली सव्वाशे मुले-मुली येथे सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसतात. त्यांपैकी बहुतेकांच्या भाड्याच्या खोलीत कूलरसुद्धा नसतो. म्हणून गच्चीवरील दोन एसी यंत्रे चालू राहणे ही आमच्यासाठी चैनीची बाब नाही, आणि त्यांची देखभाल कोणाकडे सोपवावी या प्रश्नावर कार्यकारिणीच्या सभांमध्ये आम्ही जितका वेळ घालवला तितका पुस्तक खरेदीवरही घालवला नसेल.

ही यंत्रे २०१६ साली बसवलेली, प्रत्येकी साडेआठ टनांची, आर-४१०ए या गॅसवर चालणारी आहेत. नागपुरातील बहुतेक सभागृहांत आणि दुकानांत डक्टेबल स्प्लिट असते. म्हणजे थंड करणारा भाग छताच्या आत आणि उष्णता बाहेर टाकणारा भाग गच्चीवर. आमच्याकडे मात्र कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, ब्लोअर, फिल्टर, ड्रेन ट्रे असे सर्व काही एकाच पत्र्याच्या पेटीत गच्चीवर आहे (यालाच पॅकेज एसी म्हणतात) आणि खाली फक्त डक्ट उतरतात. याचा लाभ असा, की दुरुस्तीसाठी वाचणाऱ्यांच्या डोक्यावर शिडी लावावी लागत नाही. तोटा असा, की थंड हवेचा भागसुद्धा उन्हात, धुळीत आणि पावसात उभा असतो, त्यामुळे साध्या स्प्लिटच्या सवयीने काम करणाऱ्या माणसाच्या हातून त्यातील निम्म्या गोष्टी नजरेआड होतात.

२०१९ पासून २०२३ पर्यंत आमचा करार ज्या सेवादाराशी होता, त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो. त्यांची माणसे वर्षातून चार वेळा येत, दोन्ही यंत्रांवर मोटारी धुण्याच्या पंपाने पाणी मारीत, फिल्टर झटकीत आणि पाऊण तासात कागदावर सही घेऊन जात. दर एप्रिलमध्ये ‘गॅस थोडा कमी आहे’ असे सांगून गॅस भरला जाई. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान यंत्र बंद पडे, कोणी तरी गच्चीवर जाऊन रीसेटचे बटण दाबी, पुन्हा अर्ध्या तासाने तेच घडे. मे २०२३ मध्ये दुसऱ्या यंत्राच्या दोन कॉम्प्रेसरपैकी एक जळाला आणि साठ हजारांच्या वर खर्च आला. गॅस दरवर्षी कमी होतो म्हणजे गळती आहे, आणि गळती असेल तर ती शोधली पाहिजे, हा साधा प्रश्न आम्ही चार वर्षांत एकदाही विचारला नाही, याची खंत मला आजही आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून काम पाहणारी सध्याची संस्था लहान आहे. तीनच तंत्रज्ञ आहेत, उन्हाळ्यात नवीन कामे ते स्वीकारत नाहीत, आणि त्यांनीच विनंती केल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. तरीही हा अभिप्राय सविस्तर लिहावासा वाटतो, कारण चांगली सर्व्हिसिंग कशी असते हे मी त्यांच्या कामावरून शिकलो आणि ते कोणत्याही सेवादाराकडून मागता येण्यासारखे आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी पाण्याला हातच लावला नाही. त्यांचे ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना आमची मुले काका म्हणू लागली आहेत, त्यांनी यंत्र चालू केले, वीस मिनिटे स्थिर होऊ दिले आणि मग मोजमापे घेण्यास सुरुवात केली. बाहेरच्या हवेचे तापमान त्या दिवशी ३३ अंश होते. दाबाच्या गेजवरून काढलेले, गॅस ज्या तापमानाला द्रवरूप होतो ते तापमान ५५ अंश होते. म्हणजे फरक २२ अंशांचा. त्यांनी मला समजावून सांगितले ते असे : ‘सर, हा फरक यंत्राच्या प्रकृतीवर ठरतो, ऋतूवर नाही. आज ३३ आहे म्हणून भागते आहे. मे महिन्यात गच्चीवर ४५ असेल तेव्हा हाच फरक धरला तर ६७ अंश होतात, आणि त्या तापमानाचा दाब तुमच्या यंत्राच्या हाय प्रेशर स्विचच्या पलीकडे जातो. तुमचे यंत्र दुपारी बिघडत नव्हते, ते स्वतःला वाचवत होते.’ दाब ६१० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचे एकक) गेला की आमचा तो स्विच यंत्र बंद करतो, आणि आर-४१०ए चा ६७ अंशांचा दाब त्याहून अधिक आहे. चार वर्षे आम्ही रीसेट दाबून जे करीत होतो ते किती घातक होते, हे त्या एका बेरजेने कळले.

ही बेरीज नागपूरसाठी विशेष महत्त्वाची आहे. एसीची क्षमता सर्वसाधारणपणे बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजली आणि छापली जाते. येथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे, आणि नवतपाच्या दिवसांत ४५ ही बातमीसुद्धा होत नाही. साडेआठ टनांचे यंत्र त्या दिवसांत साडेआठ टन थंडावा देत नाही, आणि म्हणून पुण्यात किंवा नाशकात खपून जाणारा कॉइलचा मळ येथे खपत नाही.

फरक २२ अंशांवर का गेला याची तीन कारणे निघाली. पहिले कारण कॉइलचे. आमच्या कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलला, जाळीच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून आहेत. बाहेरून पाहिले तर फिन्स, म्हणजे कॉइलवरील ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, स्वच्छ, चकचकीत दिसत. काकांनी कोपऱ्यातील स्क्रू काढून बाहेरची ओळ बोटभर पुढे ओढली, तेव्हा दोन्हींच्या मध्ये नमद्यासारखा जाड थर निघाला. त्यात सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ होती, कबुतरांची पिसे होती आणि सर्वांत अधिक होता तो सावरीचा कापूस. आमच्या मागच्या गल्लीत सावरीची दोन मोठी झाडे आहेत. एप्रिलमध्ये बोंडे फुटली की तो कापूस वाऱ्यावर तरंगत येतो आणि कंडेन्सरचे पंखे त्याला आत ओढून घेतात. जुनी माणसे बाहेरून जोरदार पाणी मारीत होती, त्यामुळे तो थर निघण्याऐवजी दोन ओळींच्या मध्ये अधिकच घट्ट दाबला जात होता, आणि फवाऱ्याच्या जोराने ठिकठिकाणी फिन्स आडव्या पडल्या होत्या. हवा ज्या दिशेने शिरते तिच्या उलट, म्हणजे आतून बाहेर, साध्या नळीच्या दाबाने पाणी सोडायचे, ही पद्धत त्यांनी वापरली. तीव्र आम्ल वापरण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला, कारण त्याने ॲल्युमिनियम उजळते पण खाल्लेही जाते. सौम्य द्रावण मारून ते भरपूर पाण्याने धुऊन काढले, आणि वाकलेल्या फिन्स बारीक कंगव्याने सरळ केल्या. एका यंत्राला साडेतीन तास लागले. त्या साडेतीन तासांतच या सेवेचे खरे मोल आहे, असे माझे मत झाले आहे.

दुसरे कारण अतिरिक्त गॅसचे. यंत्राच्या पाटीवर प्रत्येक सर्किटचे, म्हणजे एक कॉम्प्रेसर आणि त्याच्या नळ्या अशा प्रत्येक स्वतंत्र संचाचे, गॅसचे वजन छापलेले असते. आमच्याकडे ते ४.२ किलो आहे. त्यांनी गॅस हवेत न सोडता रिकव्हरी यंत्राने सिलिंडरमध्ये काढून वजन केले, तर पहिल्या यंत्राच्या एका सर्किटमधून ५.१ किलो निघाला. दरवर्षी ‘थोडा कमी’ म्हणून भरलेला गॅस तेथे साठत गेला होता. जास्तीचा द्रव कंडेन्सरच्या नळ्यांमध्ये तुंबून राहतो, तेवढी जागा उष्णता बाहेर टाकण्याच्या कामातून बाद होते आणि दाब चढतो. दुसऱ्या यंत्रात मात्र गॅस खरोखरच कमी होता. नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने तपासले तेव्हा सर्व्हिस व्हॉल्व्हच्या आतील बारीक पिनमधून गळती सापडली. ती बदलून, नळ्या निर्वात करून, वजन काट्यावर सिलिंडर ठेवून गॅस द्रवरूपात भरला. आर-४१०ए हे दोन वायूंचे मिश्रण असल्यामुळे ते सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यायचे असते, हेही मला त्याच दिवशी कळले. ‘हाताला पाईप थंड लागला की गॅस पुरे’ ही पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वजन काटा पाहून जो दिलासा वाटतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

तिसरे कारण लहान होते. कंडेन्सरच्या एका पंख्याचा सहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर मोजल्यावर ३.८ भरला. पंखा फिरताना दिसत होता, पण मंद. दोनशे रुपयांपेक्षा कमी किमतीचा तो भाग बदलला.

तीनही कामे झाल्यावर फरक २२ वरून १३ अंशांवर आला. त्यानंतरच्या दोन उन्हाळ्यांत, म्हणजे २०२४ आणि २०२५ मध्ये, हाय प्रेशरवर यंत्र बंद पडण्याची घटना एकदाच घडली, आणि तीही एका पंख्यात उडत आलेले प्लास्टिक अडकल्यामुळे.

येथे थोडे विषयांतर, पण नागपूरच्या वाचकांना ते उपयोगी पडेल. आपल्याकडे गच्चीवरच्या एसीवर पत्र्याचे शेड टाकण्याची आणि कंडेन्सरवर पाण्याचे तुषार सोडण्याची फार आवड आहे. आमच्याकडेही दोन्ही होते. पत्र्याचे शेड यंत्रापासून जेमतेम अडीच फूट उंच होते. वर फेकलेली गरम हवा पत्र्याला आपटून पुन्हा बाजूने कॉइलमध्ये शिरत होती. काकांनी शेडखाली थर्मामीटर धरला, तेव्हा कॉइलमध्ये जाणारी हवा मोकळ्या गच्चीपेक्षा सहा अंशांनी गरम होती. आम्ही शेड काढून टाकले. पाण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मे महिन्यातील आपली हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताटीतून गेल्यावर ती पंधरा अंशांनी सहज उतरते, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. त्यामुळे कॉइलमध्ये जाणारी हवा आधी थंड करण्याची कल्पना मुळात चुकीची नाही. पण बोअरवेलचे पाणी थेट फिन्सवर मारले की कूलरच्या ताट्यांवर बसतो तसाच पांढरा क्षार फिन्सवर बसतो आणि तो ब्रशने निघत नाही. ताटी लावायचीच असेल तर ती कॉइलपासून अंतर ठेवून, थेंब उडणार नाहीत अशी आणि पावसाळ्यापूर्वी काढता येईल अशी असावी, असे त्यांचे म्हणणे पडले. आम्ही तुषार बंद केले आणि ताटीही लावली नाही. कॉइल स्वच्छ असताना तिची गरज भासली नाही.

विजेच्या बाजूकडे ते दर भेटीत पाहतात : कॉन्टॅक्टरचे संपर्क, सर्व टोके घट्ट करणे, तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट. फेब्रुवारीतच त्यांनी नवा सिंगल फेज प्रिव्हेंटर (तीनपैकी एखादा फेज गेल्यास यंत्र बंद करणारे उपकरण) बसवण्याचा आग्रह धरला होता, आणि तो फेजचा क्रम उलटल्यासही यंत्र सुरू होऊ देणार नाही असाच असावा, असे सांगितले होते. त्या वेळी कार्यकारिणीतील काहींना तो अनावश्यक खर्च वाटला. जुलैमध्ये आमच्या गल्लीतील रोहित्राचे काम झाल्यानंतर दोन्ही यंत्रे सुरूच होईनात. कारण हेच निघाले, फेजचा क्रम बदलला होता. स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरला तर मोठा आवाज करतो, थंडावा देत नाही आणि तसाच चालू ठेवल्यास खराब होतो. दोन तारांची अदलाबदल करून काम भागले.

नियंत्रण तपासताना परतीच्या हवेचा सेन्सर तीन अंश कमी दाखवत असल्याचे आढळले. म्हणजे हॉल २९ अंशांवर असताना यंत्राला तो २६ वर आहे असे वाटत होते आणि एक कॉम्प्रेसर सुटी घेत होता. मुले उकडते म्हणून तक्रार करीत आणि आम्ही त्यांना भिंतीवरचा आकडा दाखवीत असू. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि नंतर तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले, तेव्हा मला आमच्या भिंतीवरच्या आकड्याची आणि त्या मुलांची आठवण झाली.

ड्रेनबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण दरवर्षी जूनमध्ये आमच्या मराठी विभागाच्या कपाटावर पाणी गळत असे आणि आम्ही दोष स्लॅबला देत होतो. आमच्या यंत्रात ब्लोअर कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे ड्रेन ट्रेच्या भागात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. ट्रेमधून निघणाऱ्या नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा वाक असतो. त्यात पाणी भरलेले असेल तरच ट्रेमधील पाणी बाहेर पडते, नाहीतर नळीतून हवा आत ओढली जाते आणि पाणी ट्रेमध्येच अडून राहते. मार्च ते मे आपल्याकडे हवेत ओलावाच नसल्यामुळे कॉइलवर पाणी जमत नाही, तो वाक कोरडा पडतो आणि त्यात धूळ साचून घट्ट होते. पहिला पाऊस झाला, हवा दमट झाली, कॉइलवरून धारा वाहू लागल्या की ट्रे भरून पाणी डक्टमध्ये. ही मंडळी जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन ट्रे आणि वाक धुतात, त्यात बादलीभर पाणी ओततात आणि ते नळीच्या टोकातून बाहेर येताना मला दाखवतात. दोन पावसाळे ते कपाट कोरडे आहे.

हिवाळ्याचीही एक चूक त्यांनी सुधारली. नोव्हेंबरात एसी बंद झाला की आम्ही वीज वाचवण्यासाठी मुख्य स्विच पाडून ठेवत होतो आणि मार्चमध्ये एखाद्या गरम दुपारी तो एकदम चालू करीत होतो. कॉम्प्रेसरच्या तळाशी एक लहान हीटर असतो; थंडीत गॅस द्रव होऊन तेलात मिसळू नये, हे त्याचे काम. मुख्य स्विच पाडला की तोही बंद. आता हंगामातील पहिल्या सुरुवातीच्या किमान चोवीस तास आधी मुख्य स्विच चालू करून ठेवतो. ब्लोअरचा पट्टा, बेअरिंगचे ग्रीस, उन्हाने चिरलेले डक्टच्या जोडाचे कॅनव्हास ही कामे ते नेहमीच्या शिस्तीने करतात. फिल्टर मात्र दर पंधरा दिवसांनी धुण्याचे काम आमच्या शिपायाला शिकवून आमच्याकडेच ठेवले आहे आणि ते योग्यच आहे. त्यासाठी तीन महिन्यांनी येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता तक्रारी. करार दोन यंत्रांसाठी, चार भेटींचा, वर्षाला ३८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा आहे. जुन्या करारापेक्षा चौदा हजारांनी अधिक. यात सुटे भाग आणि गॅस धरलेला नाही, नायट्रोजनने गळती शोधण्याचे काम वेगळे आकारले जाते, आणि ही गोष्ट करारपत्रात इतक्या बारीक अक्षरांत होती की पहिले बिल आल्यावर आमच्या कोषाध्यक्षांशी त्यांचा खटका उडाला. रविवारी ते येत नाहीत. मे २०२५ मध्ये ब्लोअरचा पट्टा तुटला तेव्हा त्यांच्याकडे त्या मापाचा पट्टा नव्हता आणि दीड दिवस अर्धी अभ्यासिका बंद ठेवावी लागली. आमच्याकडे कोणती यंत्रे आहेत हे त्यांना ठाऊक असताना मार्चमध्येच एक जादा पट्टा आणून ठेवायला हवा होता. तो आता आम्ही स्वतः घेऊन गच्चीच्या जिन्यातील खुंटीवर टांगला आहे. त्यांचा अहवाल इंग्रजी आद्याक्षरांनी भरलेला असतो. पहिल्या वर्षी मी तो दर वेळी काकांकडून मराठीत समजून घेऊन वहीत उतरवला. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःच मराठी रकाने छापून आणले, हे मात्र नमूद केले पाहिजे. चौथी भेट ते नोव्हेंबरात ठेवतात. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीस हवी, कारण पावसाळ्याचा चिखल कॉइलवर सुकलेला असतो आणि त्याच वेळी आपल्याकडे ऊन पुन्हा चढते. हे मी दोनदा सांगितले. यंदा त्यांनी मान्य केले.

ज्यांच्याकडे एक-दोन साधे स्प्लिट एसी आहेत त्यांना एवढ्या खर्चाच्या कराराची गरज नाही. मंगल कार्यालय, दवाखाना, शिकवणी वर्ग किंवा आमच्यासारखी अभ्यासिका चालवणाऱ्यांनी मात्र करार करण्यापूर्वी सेवादाराला एवढेच विचारावे, की गॅसचा दाब, बाहेरचे तापमान, आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील फरक आणि तिन्ही फेजचा करंट हे आकडे धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर, असे दोन्ही वेळा लिहून देणार का. ‘त्याची काय गरज, आम्ही वीस वर्षे हेच काम करतो’ असे उत्तर आम्हाला तीन ठिकाणी मिळाले होते.

आमची वही गच्चीच्या दारामागे खिळ्याला लावलेली आहे. शेवटच्या नोंदीत पहिल्या यंत्राचा फरक १४ अंश आणि दुसऱ्याचा १३ अंश असे लिहिले आहे. पुढची भेट फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली असून, सावरीची बोंडे फुटून गेल्यावर, एप्रिलअखेर, केवळ कॉइलसाठी एक जादा फेरी घालण्याचे त्यांनी या वर्षीपासून कबूल केले आहे. त्याचे वेगळे पंधराशे रुपये ते घेणार आहेत आणि आम्ही ते आनंदाने देणार आहोत.